मेरापीच्या पायथ्याशी जाण्यापूर्वी: आधी नदी, मग आकडा

"मेरापी लेव्हल तीनवर आहे म्हणे. यावं की नको?"

इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या योग्यकर्ता शहराला, म्हणजे इथल्या बोलीत जोग्जाला, यायला निघालेल्या मराठी मंडळींकडून मला हा प्रश्न सतत येतो. मेरापी हा इथला जवळचा ज्वालामुखी, आणि लेव्हल म्हणजे त्याच्या इशाऱ्याची पातळी. "या" म्हटलं तर माणसं उतरल्या उतरल्या जीपमध्ये बसून डोंगराकडे निघतात. "नको" म्हटलं तर बोरोबुदूर, प्रंबाननची प्राचीन मंदिरं, सगळंच रद्द करून टाकतात. दोन्ही चूक, कारण प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकाने झालेली असते. ज्वालामुखी जवळ असताना "लेव्हल किती" हे नंतर विचारायचं. आधी विचारायचं ते हे: मी जिथे उभा राहणार आहे ती जागा कुठल्या नदीच्या काठी आहे, आणि त्या नदीबद्दल आज काय सांगितलंय?

चार दिवस सहलीला येणारे आणि शिक्षण-नोकरीसाठी इथे घर करून राहणारे, दोघांसाठीही हा लेख आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. मास्क, बॅटरी, औषधं सगळं नीट भरून आणलेलं, पण हॉटेल नदीच्या काठावर आणि ते माहीतच नाही, अशी कुटुंबं मी पाहिली आहेत. त्या सामानाचा तिथे काही उपयोग नसतो.

## 1. पर्वताचं नाव पक्कं करा

मेरापी आणि मारापी हे दोन वेगळे ज्वालामुखी आहेत. मेरापी जावा बेटावर, जोग्जाच्या उत्तरेला साधारण 30 किमीवर. मारापी सुमात्रा बेटाच्या पश्चिम भागात. नावात एका मात्रेचा फरक, आणि मधे समुद्र. तरीही दर वेळी सुमात्रातल्या मारापीची बातमी फिरते आणि जोग्जाची तिकिटं रद्द होतात. उलटही होतं, आणि ते जास्त वाईट: मेरापीची खरी बातमी "ते सुमात्रातलं असेल" म्हणून सोडून दिली जाते.

म्हणून बातमीत तीन गोष्टी पाहा: बेट, प्रांत, तारीख. मेरापी मध्य जावा आणि योग्यकर्ता या दोन प्रांतांच्या सीमेवर आहे. बातमीत पश्चिम सुमात्रा असेल तर ती तुमच्या डोंगराची नाही.

तपासा: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या व्हिडिओवर तारीख नसेल तर त्यावरून कुठलाही निर्णय घेऊ नका. 2010 च्या मोठ्या उद्रेकातली दृश्यं आजही "आत्ताची" म्हणून फिरतात.

## 2. अहवाल वाचा, पण खालच्या क्रमाने

इंडोनेशियाच्या ज्वालामुखींवर सरकारी भूवैज्ञानिक संस्था चोवीस तास लक्ष ठेवते. तिचं केंद्र बांडुंगला आहे, आणि मेरापीसाठी जोग्जातच स्वतंत्र कार्यालय आहे. 'माग्मा इंडोनेशिया' या अ‍ॅपवर आणि संकेतस्थळावर सहा-सहा तासांचे अहवाल येतात: मध्यरात्र ते सहा, सहा ते बारा, असे. वेळा स्थानिक असतात. जावाची वेळ भारतापेक्षा दीड तास पुढे आहे, हे पुण्यात बसून वाचताना विसरू नका.

अहवाल इंडोनेशियन भाषेत असतो. भाषांतराचं अ‍ॅप कामापुरतं चालतं, पण काही शब्द पाठच करून ठेवा:

- अवान पानास: तप्त ढग. ज्वालामुखीतून उतरणारा गरम वायू, राख आणि दगडांचा लोट. माणसं मारतो तो मुख्यतः हाच. गावकरी त्याला 'वेधुस गेंबेल' म्हणतात, म्हणजे कुरळ्या लोकरीचं मेंढरू. लांबून तो तसाच दिसतो.
- गुगुरान: कड्यावरून कोसळणारा लाव्हा, दगड.
- जाराक लुंचुर: लोट किती लांब घसरत आला ते अंतर.
- हुजान आबू: राखेचा पाऊस.
- काली, सुंगाई: नदी. 'काली गेंडोल' वाचून देवीचं स्थान समजू नका, ती गेंडोल नदी आहे.
- बारात दाया: नैऋत्य. तेंगारा: आग्नेय. सलातान: दक्षिण. उतारा: उत्तर. हा शेवटचा मराठी वाचकाला हमखास फसवतो. त्याचा उताराशी संबंध नाही, तो आपल्याच 'उत्तर'चा भाऊ आहे.

आता वाचण्याचा क्रम. आधी तारीख आणि वेळ. मग थेट शेवटी जाऊन शिफारस, म्हणजे कुठल्या दिशेला, कुठल्या नदीत, किती किलोमीटरपर्यंत जायचं नाही. मग मागच्या सहा तासांत लोट आला का, किती लांब आला. आणि सगळ्यात शेवटी लेव्हल.

लेव्हल चार आहेत. पहिली नॉर्माल, दुसरी वास्पादा (सावध), तिसरी सियागा (सज्ज), चौथी आवास (धोका). लोक हा आकडा परीक्षेतल्या गुणांसारखा वाचतात: दोन म्हणजे ठीक, तीन म्हणजे वाईट. तसं नाही. मेरापी 5 नोव्हेंबर 2020 रोजी लेव्हल तीनवर गेला, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तिथेच राहिला. त्या काळात जोग्जा शहराचं सगळं नेहमीसारखं चालू होतं, कारण धोका शहरभर नव्हता, ठरावीक नद्यांमध्ये होता.

उलट बाजू जास्त गंभीर आहे. सुमात्रातला मारापी 3 डिसेंबर 2023 रोजी अचानक उसळला तेव्हा तो लेव्हल दोनवर होता. शिखराभोवती 3 किमीच्या आत जाऊ नये, अशी शिफारस कित्येक वर्षं कायम होती. तरी त्या दिवशी डोंगरावर 75 गिर्यारोहक होते. त्यातले 24 गेले. तरुण मुलं होती त्यात. "फक्त लेव्हल दोन आहे" हे वाक्य कुणी माझ्यासमोर म्हटलं की मला ती मुलं आठवतात. लेव्हल दोनचा अर्थ "वर जायला हरकत नाही" असा नाही.

मेरापीची 2020 नंतरची शिफारस बराच काळ अशी राहिली आहे: दक्षिण-नैऋत्य बाजूला बोयोंग नदीत 5 किमीपर्यंत, बेडोग, क्रासाक आणि बेबेंग नद्यांत 7 किमीपर्यंत, आग्नेयेला वोरो नदीत 3 किमी आणि गेंडोल नदीत 5 किमी, स्फोट झालाच तर उडालेले दगड शिखराभोवती 3 किमीपर्यंत. हे अहवालाचा नमुना कळावा म्हणून दिलंय. तुम्ही निघाल त्या दिवशीचे आकडे त्या दिवशीच्या अहवालातून घ्या.

थांबा: स्थानिक नकाशांवर 'काआरबे' नावाचे विभाग असतात: एक, दोन, तीन. ही आपत्तीप्रवण क्षेत्रं आहेत आणि तीन हे सगळ्यात धोक्याचं. त्यांचा लेव्हलच्या आकड्यांशी काही संबंध नाही. लेव्हल दिवसागणिक बदलू शकते, पण काआरबे तीनमधलं घर लेव्हल एकलाही काआरबे तीनमध्येच असतं.

## 3. नकाशावर नद्या काढा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि जवळजवळ प्रत्येकजण ती गाळतो.

लोकांच्या डोक्यात ज्वालामुखीचा धोका म्हणजे कंपासने काढलेलं वर्तुळ असतं. प्रत्यक्षात तप्त ढग, लाव्हा आणि चिखलाचे लोंढे जड असतात, ते सखल वाट धरतात. म्हणून धोक्याचा आकार हाताच्या पंजासारखा होतो: तळवा शिखराजवळ, बोटं नद्यांमधून खाली. दोन बोटांच्या मधल्या उंचवट्यावरचं गाव 6 किमीवर असूनही वाचू शकतं आणि नदीच्या काठचं गाव दुप्पट लांब असूनही सापडतं.

2010 मध्ये हेच झालं. 26 ऑक्टोबरला उद्रेक सुरू झाला तेव्हा रिकामं करायच्या भागाची मर्यादा शिखरापासून 10 किमी होती. 3 नोव्हेंबरला ती 15 किमी केली. 5 नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर तप्त ढग गेंडोल नदीतून 15 किमीच्याही आसपास पोहोचला, नदीपात्र भरून बाहेर सांडला आणि ब्रोंगांग गावात झोपलेल्या माणसांवर गेला. त्यानंतर मर्यादा 20 किमी झाली. त्या संपूर्ण उद्रेकात साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली.

काय करायचं ते क्रमाने:

अ. फोनवरच्या नकाशात मेरापीचं शिखर शोधा आणि खूण करा.

आ. तुमचं हॉटेल, घर, कॉलेज, जायची ठिकाणं, सगळ्यांवर खुणा करा.

इ. शिखरापासून प्रत्येक खुणेपर्यंत सरळ रेषेत अंतर मोजा. रस्त्याचं अंतर वापरू नका. "रस्ता 12 किमी दाखवतोय, म्हणजे आपण 7 च्या बाहेर" असं म्हणणारा माणूस वळणावळणाच्या रस्त्यावर प्रत्यक्षात 5 किमीवर उभा असू शकतो.

ई. प्रत्येक खुणेजवळची नदी शोधा, तिचं नाव लिहा आणि ती वरच्या बाजूला कुठे पोहोचते ते बोटाने नकाशावर चढत जाऊन पाहा. नावं वाटेत बदलतात. वर बोयोंग म्हणतात तीच नदी जोग्जा शहरातून जाताना चोडे होते. गेंडोल खाली ओपाकला मिळते, आणि ओपाक प्रंबाननच्या मंदिरांजवळून वाहते.

उ. तुमच्या रस्त्यावरचे पूल मोजा. जोग्जा ते बोरोबुदूरच्या वाटेवर क्रासाक आणि पुतिह या मेरापीवरून येणाऱ्या नद्या लागतात. पावसात याच वाटेने तुम्ही अडकू शकता, ते पुढे येईलच.

ऊ. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, आणि नदीपासून दूर जाणारी एक वाट कागदावर हाताने काढा. कागदावर, कारण फोन बंद पडतो आणि घाबरलेल्या माणसाला अ‍ॅप उघडत बसायला सुचत नाही.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांसाठी इथे वेगळं सांगायला हवं. आपल्याला सवय असते: वाट चुकली तर ओढा धरून उतरा, खाली गाव लागतं, नाळेने उतरलं की वेळ वाचतो, पाऊस आला की कपारीखाली थांबायचं. सह्याद्रीचा दगडही लाव्हाचाच, पण थंड होऊन कोट्यवधी वर्षं झालेला. मेरापीवर ओढा, नाळ, घळ म्हणजे ज्वालामुखीचा स्वतःचा रस्ता. तिथे ही सवय जीव घेईल. ती जाणीवपूर्वक मोडा.

तपासा: "माझ्या मुक्कामाच्या सगळ्यात जवळची नदी कोणती, ती किती मीटरवर आहे, आणि तिच्यापासून लांब जायला मी दारातून डावीकडे वळेन की उजवीकडे?" घरातल्या प्रत्येकाला हे तोंडपाठ असेल तरच पुढे जा.

## 4. पिशवी आणि कागद

ही पायरी लवकर उरकते. पाठीवर बसेल अशी एकच पिशवी, माणशी एक, दाराजवळ:

- राख गाळणारे एन-95 मास्क, माणशी निदान चार. नुसता रुमाल किंवा कापडी मास्क ही नाइलाजाची सोय आहे, आणि रुमाल ओला केल्याने तो जास्त गाळत नाही.
- बाजूने बंद असलेला चष्मा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर साधा चष्मा बरोबर हवाच.
- रोजची औषधं आठवड्याची; दम्याचा पंप असेल तर दोन.
- पाणी, आणि न शिजवता खाता येईल असं काही. दशम्या, खाकरे, चिवडा घरून आणताच, त्यातला एक पुडा इथे बाजूला ठेवा.
- बॅटरी, शिटी, पॉवर बँक, आणि रोख रुपिया. वीज गेली की एटीएमही गेलं.
- पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याच्या छापील प्रती, प्लास्टिकमध्ये.

कागदांतली नेहमीची चूक विम्याची. बातमी आल्यावर लोक विमा काढायला धावतात. विमा काढण्याआधीच जाहीर झालेल्या घटनेसाठी सहसा भरपाई मिळत नाही. तिकीट काढलं त्याच आठवड्यात विमा घ्या आणि नैसर्गिक आपत्तीमुळे विमान रद्द होणं त्यात धरलंय का, ते ओळ न ओळ वाचा.

इथे राहणार असाल तर जकार्तातल्या भारतीय दूतावासात नाव नोंदवून ठेवा. घरमालकाला आणि गल्लीच्या प्रमुखाला, ज्याला इथे 'पाक आरते' म्हणतात, तुमच्या घरात किती माणसं आहेत ते सांगा. गाव रिकामं करताना डोकी तेच मोजतात.

## 5. वर जायच्या दिवशी

सकाळचा सहा वाजेपर्यंतचा अहवाल वाचल्याशिवाय निघू नका. तो वाचून झाल्यावर हॉटेलमधल्या माणसाला आणि चालकालाही विचारा, पण त्यांचं उत्तर अहवालाच्या जागी धरू नका. चालकाचं त्या दिवसाचं पोट त्या फेरीवर असतं, तो सहसा "चला" म्हणणार.

मेरापीच्या शिखराची चढाई 2018 मध्ये बंद झाली. कुणी "पहाटे गुपचूप नेतो" म्हणालं तर तिथेच नाही म्हणा. दक्षिण उतारावरची जीपची सफर ठरावीक जागांपर्यंतच असते. चालकाने फोटोसाठी आणखी वर किंवा नदीपात्रात जायची तयारी दाखवली तरी तुम्ही नको म्हणा.

पोहोचल्यावर पहिली पाच मिनिटं फोटोसाठी वापरू नका. गाडी खालच्या दिशेला तोंड करून लावायला सांगा. "जालुर एवाकुआसी" (बाहेर पडायची वाट) आणि "तितिक कुम्पुल" (जमायची जागा) हे फलक कुठे आहेत ते पाहा. नदी कुठल्या हाताला आहे ते ठरवा. मुलांनाही दाखवा.

जोग्जाबरोबर मध्य जावातलं ज्वालामुखीचं दियेंग पठार करणाऱ्यांनी वायूचा धोका लक्षात ठेवा. 20 फेब्रुवारी 1979 रोजी तिथे सिनिला विवराजवळ जमिनीतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला आणि जवळपास दीडशे माणसं गेली. उद्रेकापासून पळत असताना ती वायूतच शिरली. हा वायू हवेपेक्षा जड असतो, खळग्यात साचतो, त्याला वास नसतो. कुंपणाच्या आत, खोलगट जागी, मेलेले पक्षी-किडे दिसतात तिथे पाऊल टाकू नका. लहान मुलाचं नाक मोठ्यांपेक्षा जमिनीच्या जवळ असतं, म्हणून त्याला आधी झळ लागते.

## 6. इशारा झाला तर पहिली पाच मिनिटं

सायरन वाजेल, किंवा गावातला केंतोंगान, म्हणजे लाकडाचा पोकळ ठोकळा, न थांबता भराभर बडवला जाईल. त्या ठोक्याला 'तितिर' म्हणतात आणि त्याचा अर्थ एकच: निघा.

तप्त ढग ताशी 80 किमीहून जास्त वेगाने येऊ शकतो, तापमान शेकडो अंश. 5 किमी अंतर तो चार मिनिटांच्या आत कापतो. म्हणून:

1. चित्रण थांबवा. ढग फुगताना सुंदर आणि संथ दिसतो, कारण तो तुमच्या दिशेनेच येत असतो. थेट आपल्याच दिशेने येणाऱ्या गोष्टीचा वेग डोळ्याला कळत नाही.
2. नदीपासून आडवं, उंचवट्याकडे निघा, मग खाली. नदीच्या कडेने खाली पळू नका. ती शर्यत तुम्ही हरता.
3. पूल ओलांडावा लागत असेल तर ती वाट सोडा. वाट आधीच ठरवायची ती यासाठीच.
4. सामान घ्यायला मागे फिरू नका. मोजा, हात धरा, चला.
5. उडालेले दगड पडत असतील तर पिशवी डोक्यावर धरा आणि चालत राहा.

थांबा: बंकरमध्ये शिरू नका. मेरापीच्या दक्षिण उतारावर कालिआदेमला असा बंकर आहे, आज तो पर्यटकांना दाखवतात. 14 जून 2006 रोजी बचावकार्यातले दोन स्वयंसेवक त्यात शिरले. बाहेर गरम राख-दगडांचा थर साचला, आत उष्णता कोंडली, आणि दोघंही वाचले नाहीत. तप्त ढगापुढे भिंत उपयोगी पडत नाही, तिथून निघून गेलेलं असणं हाच उपाय. पळायला वाटच उरली नसेल तर पक्क्या घरात, नदीपासून लांबच्या खोलीत, सगळं बंद करून अंग झाकून घ्या, पण त्यावर भिस्त ठेवून मागे राहू नका.

## 7. राख पडते तेव्हा

तुमच्यापैकी बहुतेकांना प्रत्यक्षात भेटणार आहे ती राख. 11 मार्च 2023 रोजी मेरापीवरून तप्त ढगांची मालिका उतरली, तेव्हा डोंगराच्या पश्चिमेला मागेलांग बाजूच्या गावांवर राख पडली. वारा फिरला की शहरावरही पडते.

आधी हे समजून घ्या: ही चुलीतली राख नाही. ती दळलेला दगड आणि काच आहे. पाण्यात विरघळत नाही, ओरखडे काढते, आणि ओली झाली की वीजही वाहून नेते. पुढच्या सगळ्या सूचना एवढ्यावरूनच निघतात.

राख सुरू होताच. बाहेर असाल तर आत या. दारं-खिडक्या, एसी, पंखे बंद. दाराच्या फटीत ओले टॉवेल. छपरावरून पावसाचं पाणी टाकीत येत असेल तर ती नळी लगेच काढा. टाकी, विहीर झाका. लेन्स काढा. लहान मुलांना मास्क नीट बसत नाहीत, त्यांना आतच ठेवा.

डोळ्यांत गेली तर चोळू नका. हात आपोआप डोळ्याकडे जातो, मुलांचा तर नक्कीच. चोळल्याने काचेचे कण डोळ्यावर घासले जातात. स्वच्छ पाण्याची धार सोडा.

गाडी शक्यतो काढू नका. काढावीच लागली तर दिवे लावून, सावकाश, पुढच्या गाडीपासून लांब. कोरडे वायपर फिरवले की काच कायमची खरवडली जाते. आधी भरपूर पाणी, मग वायपर. दुचाकी घसरते, ती नकोच.

साफसफाईत सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून क्रम लिहून ठेवा:

1. राख पडायची थांबेपर्यंत झाडू उचलू नका. मास्क आणि चष्मा घालूनच सुरुवात.
2. आधी छप्पर, मग अंगण, मग घर. उलटं केलं तर सगळं दोनदा करावं लागतं.
3. पाण्याचा हलका शिपका मारा, फक्त धूळ बसेल इतका. आपल्याकडे अंगणात सडा घालतात तेवढाच. पाइप लावून भिजवली तर ती सिमेंटसारखी घट्ट बसते आणि जड होते.
4. फावड्याने गोळा करून पोत्यांत भरा. गटारात सोडू नका. गटार तुंबतं आणि पहिल्याच पावसात गल्ली भरते.
5. आत ओल्या फडक्याने टिपून घ्या, घासू नका. फरशी आणि भांडी दोन्ही खरवडतात.

छपराबद्दल दोन वाक्यं जास्त. ओल्या राखेचा 10 सेंमीचा थर दर चौरस मीटरला 100 ते 200 किलो भरू शकतो, म्हणून पाऊस येण्याआधी छप्पर मोकळं करणं महत्त्वाचं. पण चढणारा माणूस घसरून पडणं किंवा पत्रा फुटून खाली येणं हीच मोठी दुखापत ठरते. एकट्याने चढू नका, दोर बांधा, आणि थर भरपूर साचून पत्रा वाकलेला दिसत असेल तर चढूच नका. त्या खोलीतून माणसं बाहेर काढा.

तपासा: बाजारातली पालेभाजी नेहमीपेक्षा दोन पाणी जास्त घालून धुतली का? टाकीतलं पाणी गढूळ तर नाही?

## 8. पाऊस: उद्रेक संपल्यावरचा धोका

'लहार' हा शब्द जगभर वापरतात, तो मुळात जावाचाच आहे. उतारावर साचलेली राख आणि दगड पावसात मिसळून ओल्या काँक्रीटसारखा लोंढा नदीतून येतो. त्यासाठी त्या दिवशी उद्रेक व्हावा लागत नाही. 2010 चा उद्रेक ओसरल्यावर, जानेवारी 2011 मध्ये पुतिह नदीच्या लहारने जोग्जा–मागेलांग हा मुख्य रस्ता तोडला. सुमात्रातल्या मारापीखाली मे 2024 मध्ये पावसाने असाच लोंढा आणला आणि साठहून जास्त माणसं गेली. डिसेंबर 2023 चा तो मोठा स्फोट होऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

काय पाळायचं:

- तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी शिखरावर ढग असतील तर पाऊस तिथे पडतोय असं धरा. लहार वरून येतो, खालचं आभाळ पाहून काही कळत नाही.
- जावात साधारण ऑक्टोबर ते एप्रिल पावसाळा. या महिन्यांत बोरोबुदूरला सकाळी लवकर जाऊन दुपारच्या पावसाआधी परता.
- पुलावर थांबून लोंढा पाहू नका. पाण्याबरोबर मोठे दगड येतात, आणि ते पुलाचे खांब तोडतात.
- नदीपात्रात वाळू भरणारी माणसं गाड्या टाकून पळताना दिसली तर कारण विचारत बसू नका, त्यांच्यामागे काठ चढा.
- नदीतले काँक्रीटचे बंधारे लोंढ्याचा जोर कमी करण्यासाठी बांधलेत. त्यांच्यावर बसून डबा खाणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. कृपा करून तिथे बसू नका.

## 9. माघारी जाण्याची घाई

2010 मध्ये 25 ऑक्टोबरला लेव्हल चार जाहीर झाली, म्हणजे पहिल्या उद्रेकाच्या आदल्या दिवशी. इशारा वेळेत होता. तरी काहीजण घर सोडायला तयार नव्हते. पर्वताचे पारंपरिक रखवालदार म्बाह मारिजान आपल्या किनाहरेजो गावात राहिले आणि तिथेच गेले. पुढच्या दिवसांत छावणीतून लोक पुन्हा वर जात राहिले, कारण गोठ्यात गायी होत्या. दुधावर घर चालणाऱ्या माणसाला "गाय सोड" म्हणणं सोपं नसतं. आपल्याकडच्या कुठल्याही गोठ्यात हे कळेल. म्हणून सरकारला पुढे गुरं विकत घेण्याचं जाहीर करावं लागलं, आणि मागेलांग बाजूला वरच्या गावाची खालच्या गावाशी आधीच जोडी ठरवून दिली: कोण कुठे राहणार, गुरं कुठे बांधणार.

तुम्ही भाड्याच्या घरात राहत असाल तरी ही जोडी आत्ताच ठरवा. शहराच्या दक्षिणेला एक ओळखीचं घर, तिथे मांजर-कुत्रं चालेल का याची विचारपूस, आणि कागदपत्रांचा एक संच. मागे ठेवण्यासारखं काही उरलं नाही, तर मागे जायचं कारणही उरत नाही.

परत कधी जायचं हे आभाळ पाहून ठरवू नका. बाली बेटावरच्या आगुंगचं 2017 चं उदाहरण घ्या: 22 सप्टेंबरला लेव्हल चार, महिनाभर वाट पाहून 29 ऑक्टोबरला तीन, आणि 21 नोव्हेंबरला उद्रेक. 27 नोव्हेंबरला पुन्हा चार. मधले शांत आठवडे म्हणजे शेवट नव्हता. अहवालातली अंतराची शिफारस कमी झाली आणि गावच्या प्रमुखाने परवानगी दिली, या दोन्ही गोष्टी झाल्यावरच निघा.

## 10. विमान अडकलं तर

राख जेट इंजिनात वितळते आणि आत चिकटते, त्यामुळे राखेतून विमान नेत नाहीत. नोव्हेंबर 2010 मध्ये जोग्जाचा विमानतळ सुमारे दोन आठवडे बंद होता. नोव्हेंबर 2024 मध्ये फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी लाकी-लाकीमुळे शेकडो किलोमीटरवरच्या बालीची विमानं रद्द झाली, त्यात भारतात येणारीही होती.

क्रम असा: आधी विमान कंपनीच्या अ‍ॅपवर उड्डाणाची स्थिती पाहा, मगच खोली सोडा. रद्द झालं असेल तर रद्द झाल्याचं लेखी पत्र किंवा ईमेल मागा. विम्याला ते लागतं, आणि व्हिसा संपत आला असेल तर इमिग्रेशन कार्यालयातही लागतं. मुदत उलटली तर दंड दिवसाला दहा लाख रुपिया असतो. त्यामुळे मुदत संपायच्या आधी, ते पत्र घेऊन, स्वतः कार्यालयात जा. संपल्यावर विमानतळावर समजावू, हा हिशेब ठेवू नका.

जोग्जातून रेल्वेने सुराबायाला साधारण चार तास, जकार्ताला सहा-सात तास लागतात, आणि राखेत बहुधा रेल्वेच चालू राहते. तिकीट लगेच काढा. विमानतळ बंद झाल्याची बातमी आली की काही तासांत गाड्या भरतात. मात्र निघण्याआधी राख कुठल्या दिशेला चाललीय ते पाहा. ती पूर्वेला जात असेल तर सुराबायालाही विमान मिळणार नाही, अशा वेळी जकार्ताची गाडी धरा.